नान पिंताचे तळवे

आमच्या गावात कुणाची कंबर धरली की तो आधी सरकारी आरोग्य केंद्रात जातो, गोळ्या घेतो, त्या शर्टाच्या खिशात ठेवतो आणि तसाच नान पिंताच्या अंगणात येऊन पालथा पडतो. गुण आला की श्रेय नानचं, नाही आला की दोष गोळ्यांचा. आरोग्य केंद्राला ही वाटणी मान्य नाही. पण तिथल्या शिपायाची कंबरही नानच्याच अंगणात सरळ झालेली असल्यामुळे तक्रार वरपर्यंत गेलेली नाही.

'नान' हे नाव नव्हे. तरुणपणी पूर्ण भिक्षू होऊन पुढे संसारात परतलेल्या माणसाला आम्ही उत्तर थायलंडातल्या लाम्पांगकडचे लोक जन्मभर नान म्हणतो. पिंताने चीवर उतरवलं ते लग्नासाठी. पंचशील उतरवायचं मात्र राहूनच गेलं. घरोघरी भाताची दारू गाळणाऱ्या या गावात तो एकटा थेंबाला शिवत नाही. लोक त्याला हे माफ करतात, ते त्याच्या पायामुळे.

पायाचं काम असं. निखाऱ्यांवर नांगराचा जुना बिडाचा फाळ लाल होत असतो. शेजारी दोन भांडी, एकात रानहळदीचा रस, दुसऱ्यात तिळाचं तेल. नान डोक्यावरच्या आडव्या बांबूला धरून उभा राहतो, उजवा तळवा रसात बुडवतो, मग तेलात, आणि फाळावर टेकवतो. भडका उडतो. त्या भडक्यातून निघालेला तळवा चटईवरच्या माणसाच्या कमरेवर येतो, आणि तो माणूस जो आवाज काढतो तो दुखण्याचा की सुखाचा हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. नानच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. त्याच्या वडिलांची हलत नसे, आजोबांची तर म्हणे डोळ्याची पापणीही नाही.

पण फाळाच्या आधी तबक. गुरूंच्या तबकात फुलं, मेणबत्त्या, मूठभर तांदूळ आणि मियांग, म्हणजे आंबवलेली चहाची पानं. रोगी आपल्या हाताने त्या पानांत मिठाचा खडा घालून विडा वळतो आणि नानला देतो. नानने तो गालात धरला की त्याच्या मागच्या सगळ्या गुरूंनी तुमची कंबर आपल्या अंगावर घेतली असं समजायचं. नाही धरला, तर कंबर घेऊन घरी जायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत नानच्या तळव्यांत मुंग्या आल्या. मुंग्यांचं कुणी मनावर घेत नाही. मग आग सुरू झाली, दोन्ही पायांना, मिरची वाटून चोळल्यासारखी. तो ओल्या फडक्यात पाय गुंडाळून बसायचा. पुढे आग राहिली आणि तिच्या खालून जाणीव निघून गेली, हे आम्हाला चपलेवरून कळलं. नान देवळाकडे चालत जायचा, वाटेत एक चप्पल निसटायची आणि हा पुढे तसाच. मागून खाम्पेंग चप्पल घेऊन ओरडत यायची, "अरे नान, अर्धा तू इथेच राहिलायस!"

खाम्पेंग त्याची शेजारीण, विधवा, आंबट मासा विकते. मासा, लसूण, मीठ आणि भात बरणीत दाबून ती जे करते ते बाजारात दुपारपर्यंत उरत नाही. तिच्या जिभेलाही त्या बरणीतलं काही लागलेलं असावं. नानची बायको गेल्यापासून रोज एक वाटी मासा ती त्याच्या ओट्यावर ठेवते आणि वर ऐकवते, "खा. मेलास तर गल्लीत भांडायला कोण राहील?"

तिच्याच पाठीवर ते घडलं. बरण्या उचलून तिची कंबर धरली होती. नानने तळवा फाळावर ठेवला, तो नेहमीपेक्षा जास्त वेळ. त्याला वाटलं, अजून पुरेसा तापला नाही. मग पाय तिच्या कमरेवर टेकवला, आणि खाम्पेंगने जो आवाज काढला त्यात सुख नव्हतं.

"काढ! काढ मेल्या, पाठ आहे ती, भाकरी नाही!"

"एवढा तापलाय?"

"तुझा पाय आहे ना? मला काय विचारतोस?"

तळव्याएवढा फोड आला. नानने विस्तवावर पाणी ओतलं, फाळ गार झाल्यावर पुसला आणि वळचणीला टांगला. त्याच्या घराण्यात हयात माणसाने आपला फाळ टांगल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तो टांगतो मुलगा, बाप गेल्यावर. नानला मुलगा नाही. कुणाला सांगायला नको म्हणून त्याने मला एकट्याला सांगितलं, "मास्तर, ज्याला चटका कळत नाही त्याने दुसऱ्याच्या पाठीवर पाय ठेवू नये. पाय परत आला तर फाळ उतरवीन. नाही आला तर आमच्या गुरूंची ओळ माझ्यापाशी संपली."

पाय का गेला यावर गावाचं दुमत नव्हतं. अकरा-बारा मतं होती. जन्मभर आगीशी खेळला, आगीने हिशेब केला, हे बहुमत. गुरू रागावले, हे देवळातल्या म्हाताऱ्यांचं. मोबाइलच्या मनोऱ्यामुळे, असं मनोऱ्याला जागा न मिळालेल्या शेतकऱ्याचं. मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला असल्याने माझं मत सर्वांत सुशिक्षित होतं: मक्यावरची फवारणी. नान अनवाणी बांधावरून जातो, औषध तळव्यातून शिरतं. हे मी पारावर नकाशा काढून समजावलं. आगीवाल्यांनी ऐकून घेतलं आणि आगीवरच राहिले.

मीच त्याला शहरातल्या इस्पितळात नेलं. साखर तपासली, नव्हती. रक्त काढलं, ठीक निघालं. तिथल्या डॉक्टरने विचारलं, "किती पिता?"

"पीत नाही."

"आजोबा, मी काही पोलीस नाही. खरं सांगा."

"खरंच पीत नाही."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मीही सांगितलं की पीत नाही. दोघांनी मिळून सांगितल्यावर त्याची खात्री पटली की नान भरपूर पितो. दारू सोडायचा सल्ला घेऊन आम्ही परत आलो. नानने तो पाळला.

आगीवाल्यांना आता एकच गोष्ट पाहायची होती: फाळ बंद झाला, म्हणजे पाय सुधारणार. दोन महिने झाले, पाय बिघडला. आता तो उकिडवा बसला की खांबाला धरल्याशिवाय उठता येईना. पोटऱ्या दाबल्या तर कळवळायचा. बहुमताने विचार करून जाहीर केलं की आग आत मुरली आहे. सिद्धान्ताला धक्का लागला नाही.

रिकाम्या नानकडे माणसं मात्र येतच राहिली. उपचार नाहीत तर नाहीत, समाचाराला तरी जायलाच हवं, आणि समाचाराला रिकाम्या हाताने कसं जाणार? प्रत्येक जण मियांगची जुडी आणायचा. विडा वळून पुढे केला की नान नाही म्हणायचा नाही. ज्याच्यामागे सहा पिढ्यांचे गुरू आहेत त्याने विडा परत केला तर येणाऱ्याला तो शाप वाटतो. सकाळपासून त्याचा गाल फुगलेला असायचा.

फोंगकेव आली ती खाम्पेंगची अजून न भरलेली पाठ बघायला. ही आमच्याच गावची, माझ्याच वर्गात शिकलेली, आता आरोग्य केंद्रात नर्स. नकाशात मेकाँग नेहमी उलटी वाहवायची. तिने नानच्या ओट्यावरच खाम्पेंगचं फडकं बदललं आणि शेजारी उठायची धडपड करणाऱ्या नानकडे पाहिलं.

"पो उय, खांब सोडून उठा बघू." आजोबाला आम्ही पो उय म्हणतो.

"खांब सोडला तर उठत नाही, बसतो."

तिने आतून दोन बाटल्या आणल्या, एकीत चुलीवरचं गरम पाणी, दुसरीत माठातलं. नानचे डोळे बांधले आणि बाटल्या आळीपाळीने तळव्यांना लावल्या.

"ही कुठली?"

"गार."

"आणि ही?"

"तीच."

दोन्ही पायांना तिने हेच केलं. मग डोळ्यांवरचं फडकं सोडत साध्या आवाजात विचारलं, "फाळावर कुठला पाय ठेवता?"

"उजवा. आमच्याकडे उजवाच."

"मग डावा कशाने गेला?"

ओट्यावर सात-आठ जण होतो. डावा पाय गेली दोन वर्षं आम्हा सगळ्यांच्या समोर होता. कुणीतरी म्हणालं, आग एका पायातून दुसऱ्यात गेली असेल. पण ते म्हणणाऱ्यालाही पुरेसं वाटलं नाही.

"खाता काय?" फोंगकेवने विचारलं.

"सगळे खातात तेच. भात. हिचा मासा."

"आणखी?"

नान आठवू लागला. वेळ लागला, कारण आणखी काही नव्हतंच. बायको असताना पालेभाजी असायची, कडधान्य असायचं, डुकराचं मटण असायचं. ती गेल्यावर तिच्या पुण्यासाठी म्हणून त्याने चार पायांच्या जनावराचं मांस सोडलं. भाजी निवडण्याचा कंटाळा म्हणून भाजी सुटली. ती मात्र कुणाच्या पुण्यात जमा झाली नाही.

"मासा शिजवून खाता?"

"शिजवून?" हे खाम्पेंग बोलली, पालथी होती तिथूनच. "माझा मासा शिजवायचा? दहा गावांत विचार, माझा मासा कुणी शिजवतं का! शिजवायचा मासा दुसरीकडे मिळतो, स्वस्त असतो."

फोंगकेव उठून चुलीपाशी गेली. आमच्याकडे चिकट भात रात्रभर भिजत घालतात आणि सकाळी पाणी टाकून वाफवतात. तांदूळ नव्या गिरणीचा होता, दातांसारखा पांढरा; जुन्या गिरणीत थोडा तरी कोंडा राहायचा म्हणून लोकांनी ती सोडली. भिजवणीचं पाणी नान खिडकीतून फेकायचा. खिडकीखाली गवती चहाचं बेट होतं, माणसाला लपता येईल एवढं. सगळ्या आवारात तेवढंच एक टुमटुमीत होतं. फोंगकेव त्या बेटाकडे बघत राहिली.

"पो उय, तुमचं जेवण हे खातंय," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते एवढं. धान्याच्या कोंड्यात, कडधान्यात, मांसात नसांना लागणारं एक जीवनसत्त्व असतं. गिरणी ते घासून टाकते, उरलेलं भिजवणीच्या पाण्याबरोबर खिडकीतून जातं. पोटात पोचलंच काही, तर कच्चा मासा ते मोडतो आणि चहाची पानं ते बांधून ठेवतात. सगळ्या गावाचं थोडं थोडं असंच चालतं, पण बाकीचे मध्येच कुणाच्या लग्नात डुक्कर खातात, आणि दिवसाला तबकभर विडे कुणाच्या गालात जात नाहीत.

"म्हणजे गुरूंचा विडा..." नान म्हणाला.

"खात्री नाही माझी. अंदाज आहे. आणखीही काही असेल. फवारलेल्या बांधावरून अनवाणी जाणं, तेही बंद." इथे तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मानासाठी असावं. "गोळ्या मी देते. तांदूळ हातसडीचा, पाणी फेकायचं नाही, रोज मूग किंवा सोयाबीन. मासा शिजवून. मियांग बंद."

एकदम सगळंच बदललं तर नेमका कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही, हे शास्त्राला धरून नाही, असं मी म्हणालो.

"मास्तर, मला पाय बरा करायचाय, निबंध नाही लिहायचा."

तांदूळ, मूग, गोळ्या, सगळं नानने निमूट मान्य केलं. मियांगवर अडलं. विडा घ्यायचा की नाही हे त्याच्या हातात नव्हतं, गुरूंना विचारणं भाग होतं. आमच्याकडे विचारतात ते काठीला. दोन्ही हात पसरून काठी मोजायची, प्रश्न सांगायचा, पुन्हा मोजायची. काठी हाताबाहेर वाढली तर होकार. नानने अंघोळ केली, पांढरं उपरणं घेतलं आणि विचारलं, "विडा नाकारला तर चालेल का?"

काठी होती तेवढीच राहिली. दुसऱ्यांदा विचारलं, "औषध म्हणून, काही दिवसांपुरता नाकारला तर?" काठी, मला वाटलं, किंचित आखडली.

खाम्पेंग कुंपणापलीकडून पाहत होती. "अरे, नाकारायचं कशाला विचारतोस? नाही म्हणायला कोण परवानगी देईल? विचार, माझ्या वतीने दुसऱ्याने चघळला तर चालेल का."

सहा पिढ्यांत हा प्रश्न कुणी टाकला नव्हता. मग त्याने तो टाकला, हात पसरले, आणि काठी दोन बोटं वाढली. मी जवळून पाहिलं. त्याचे हात जरा आत आले होते असं म्हणता आलं असतं. पण नान खोटं बोलत नाही, आणि त्याच्या हातांना काही झालेलं नव्हतं.

अशा रीतीने खाम्पेंग गुरूंची अधिकृत चघळणारी झाली. माणसं समाचाराला यायची, विडा नानच्या हातात द्यायची, नान तो कपाळाला लावून खाम्पेंगकडे द्यायचा आणि ती गालात धरून म्हणायची, "पोचला." फोंगकेवने तिलाही अट घातली: जेवणावर लगेच नाही, आणि दिवसाला चारच. पाचव्या माणसाला खाम्पेंग सांगायची, "आज गुरूंचं पोट भरलंय, उद्या ये."

मासा शिजवण्याची गोष्ट तिने महिनाभर अंगाला लावून घेतली नाही. वाटी यायची, नान ती घरात नेऊन केळीच्या पानात भाजायचा, दार लावून, वास जाऊ नये म्हणून. वास जायचाच. एके दिवशी वाटीऐवजी भाजलेला मासाच आला. सोबत निरोप होता: "तुला भाजताही येत नाही."

पाय हळूहळू हलला. आधी रात्रीची आग निवाली. मग एका सकाळी तो उकिडवा बसला आणि बोलता बोलता उठला. बोलणं संपेपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही. बाटल्यांची परीक्षा फोंगकेव अधूनमधून घ्यायची. डावा पाय लवकर पास झाला. उजव्याची टाच झाली, चवडा झाला नाही. गावाने यशाची वाटणी सुरू केली होती. गोळ्या, असं शिपाई म्हणाला. गुरू, असं देऊळ म्हणालं. अनवाणी चालणं सुटलं, असं मी म्हणालो, फार मोठ्याने नाही. आगीवाले म्हणाले, मुरलेली आग शेवटी संपणारच होती.

"पाय परत आलाय का?" मी नानला विचारलं.

"आलाय. सगळा आलाय की नाही ते बाटलीला कळत नाही, मास्तर. फाळाला कळेल."

आमच्या पंचांगातल्या नवव्या महिन्यात गुरुपूजा असते. सकाळी नानने फाळ उतरवला. फोंगकेव मलम घेऊन आली आणि तिने स्पष्ट सांगितलं की हे तिला मान्य नाही. मग पुढच्या रांगेत जागा धरून बसली. आता प्रश्न होता पहिली पाठ कुणाची. गावात कंबरा पुष्कळ होत्या, पण सगळ्यांना त्या दिवशी आपली बरीच वाटत होती. खाम्पेंग उठली, चटईवर जाऊन पालथी झाली. विडा तिनेच वळला, नानला दाखवला आणि स्वतःच्याच गालात ठेवला. यात कुणी कुणाला स्वीकारलं हा प्रश्न कुणी काढला नाही.

नानने बांबू धरला. तळवा रसात, मग तेलात, मग फाळावर.

"अयाई!"

पाय हवेत होता. भडका विझलाही नव्हता आणि सहा पिढ्यांत पहिल्यांदा त्या बांबूखाली कुणीतरी ओरडलं होतं. म्हातारे खाली बघू लागले. लाज वाटून घ्यावी की कसं, हे ठरत नव्हतं.

खाम्पेंगने मान वर केली. "काय झालं?"

"भाजलं."

"कुठे?"

नान एका पायावर उभा, बांबूला लोंबकळत, विचार करू लागला. "टाचेला." मग, जरा वेळाने, "चवड्यालाही. करंगळीकडे नाही. अंगठ्याकडे भाजलं."

फोंगकेव मलम घेऊन पुढे झाली आणि तळवा उलटा करून बघताना मोठ्याने हसली. खाम्पेंग म्हणाली, "हसून झालं असेल तर सांगा, माझी मान अवघडली."

नानने तळवा गार पाण्यात धरला. पुन्हा रस, पुन्हा तेल. या खेपेला त्याने वडिलांचं माप सोडलं. फाळाला नुसता स्पर्श केला, ओठ आवळले, आणि पाय खाम्पेंगच्या कमरेवर आणला, अंगठ्याची बाजू आधी. जुन्या फोडाचा डाग त्याने टाळला. तिने नेहमीचा आवाज काढला.

"जास्त गरम नाही ना?" नानने विचारलं. आजवर त्याने हे कुठल्याच रोग्याला विचारलं नव्हतं.

"तूच सांग," ती म्हणाली.

त्याने पाय थोडा सरकवला, डोळे मिटले.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."